आत्याची टेप

ऐक ना. मधे बोलू नकोस, "मग पुढे काय झालं" असंही विचारू नकोस, नुसती ऐक, नाहीतर माझा धागा सुटतो. तर मंगळवारची सकाळ, हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीला अर्धाच पडदा, आणि मधोमध छोटी उभी, दोन्ही हात बाजूला पसरून. छोटी म्हणजे वय तेहेतीस आणि वजन एकशे एकतीस किलो. हसू नकोस गं, नाव कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं. तिथे आधी तिची आई होती, मोठी, आणि ही तिच्या मागेमागे फिरणारी छोटी. नाव एकदा चिकटलं की अंग वाढलं तरी ते काही वाढत नाही. तर नर्सनं तिच्या कमरेभोवती टेप फिरवली, नवी कोरी, पिवळी, गार, आणि म्हणाली, "पंचावन्न." आणि छोटीनं हात खाली न करता, कुणी आपलं नाव चुकीचं घेतलं की आपण सहज सांगतो ना, तसं सांगितलं, "बावन्न." नर्सनं वर पाहिलं. "पंचावन्न आहे, मॅडम." "नाही हो, बावन्न. सहा वर्षं बावन्नच आहे. माझ्या मापाचे कोट विकले जातात." कोपऱ्यात ताई बसलेली, तिची सख्खी मोठी बहीण, पर्स मांडीवर उभी धरून. ती म्हणाली, "अगं, इथे तरी खरं बोल." नर्स बिचारी चांगली होती, तिनं परत मोजलं, या वेळी आकडा छोटीला दिसेल असा धरून. पंचावन्न. बघ हं, वजन ऐकून तिला काही झालं नव्हतं. काट्याशी तिची कितीतरी वर्षं बोलाचालीच बंद होती. काटा म्हणजे लांबचा खडूस नातेवाईक, तो वाईटच बोलणार हे धरूनच चालायचं. पण टेप तिच्या घरची. आईनं तिला शिकवलेलं, काटा रोज वेगळं बोलतो, टेप खोटं बोलत नाही. मग हे तीन इंच आले कुठून? ती खाली आपल्या पोटाकडे अशी बघायला लागली, जणू ते आत्ता, या खोलीत, कुणीतरी गुपचूप तिला चिकटवले होते.

नंतर डॉक्टर काय काय बोलले त्यातलं निम्मं तिच्या कानावरून गेलं. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले, आणि मुख्य म्हणजे झोपेत श्वास थांबतो. ते तिथे तिला एकदा झोपवून, अंगाला वायरी लावून तपासलं होतं, त्याचा कागद डॉक्टरांच्या हातात होता. मग त्यांनी कागदावर पेनानं जठर काढलं, एक फुगलेली पिशवी, आणि तिच्या मधून उभी रेघ ओढली. एवढा भाग काढून टाकायचा, म्हणाले, उरतो तो असा, बाहीसारखा. बाही म्हटल्यावर मात्र ती जागी झाली. बाही तिला कळते. तिनं विचारलं, "आणि मग नको वाटलं तर उसवता येतं का?" ताईनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, नाही, ते उसवता येत नाही. क्वचित एखादीची शिवण आतून गळते, तेही सांगितलं. पुढे आयुष्यभर वाटीभरच खायचं, गोळ्या घ्यायच्या, तपासायला येत राहायचं. आणि काही केलं नाही तर काय होऊ शकतं, तेही सांगितलं, पण ते सांगताना त्यांनी कागद उलटा करून ठेवला. पंधरा दिवसांनंतरची एक तारीख मोकळी आहे, शुक्रवारी चारपर्यंत फोन करून सांगा, हो तर हो, नाही तर नाही. लिफ्टमध्ये ताई म्हणाली, "यात विचार काय करायचाय? हातात काय बांगड्या भरल्यात?" आणि मग लगेच, जरा वेगळ्या आवाजात, "माझ्या खांद्याला धर, पायरी आहे." ताई अशीच. जिभेनं चिमटा काढते आणि हातानं सावरते, आणि दोन्ही एकाच वेळी.

परत येताना ती नवऱ्याच्या बसनं आली. नवरा बस चालवतो, अठरा नंबरची, त्याच्या मागची एकटी सीट तिची. अंग तिरपं करून तिथे बसता येतं आणि शेजारच्या माणसाचे उसासे ऐकावे लागत नाहीत. त्यानं आरशातून नुसत्या भुवया उडवल्या, काय झालं? तिनं मान हलवली, नंतर. आणि पुढच्या दांडीवर हात ठेवला, तर तो हात आईचा. म्हणजे तिचाच, पण मनगटावरची ती गोल वळी, कोपराजवळचा खळगा, बोटाच्या मुळाशी लहान बाळाला असतात तसे खड्डे, सगळं जसंच्या तसं आईचं. आई गेली तेव्हा हिचे हात असे नव्हते. नंतर भरले. पहिल्या वर्षी ती आईसारखी भाकरीची कोर मोडायला लागली, मोठा तुकडा दुसऱ्यापुढे सरकवायचा आणि मग भांड्यात उरलेलं सगळं आपण उभ्याउभ्या संपवायचं. दुसऱ्या वर्षी आईचे सैल होणारे कपडे अंगाबरोबर बसायला लागले. आणि एक दिवस दुकानाच्या काचेत समोरून आई येताना दिसली, घाईघाईनं, जरा डावीकडे झुकून, आणि ही रस्त्यात थांबली तर तीही थांबली. घाबरायला पाहिजे होतं ना? पण हिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की ती तिथेच पाच मिनिटं उभी राहिली आणि लोकांचे धक्के खात राहिली. आता बसमध्ये तिला वाटलं, हे हात गेले तर आई कुठे बघायची? असं कुणाला सांगता येतं का? डॉक्टर, मला चालतं हो बारीक झालेलं, पण हे हात तेवढे ठेवाल का?

आता कारखाना सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन मजली जुनी इमारत, खाली मशिनी, वर कापणी, आणि शिवायचे फक्त कोट, तेही फक्त मोठ्या अंगाच्या बायकांचे. इतर ठिकाणी काय करतात, बारक्या बाईचं माप घेतात आणि चारी बाजूंनी सारखं वाढवत नेतात, म्हणून मग खांदा दंडावर उतरतो आणि बाही जोडायचा मुंढा कमरेशी जातो. इथे तसं नाही. इथे मास्तर, म्हणजे कापणी करणारे, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, ते खरोखरची मोठी बाई समोर उभी करतात आणि तिच्या अंगावर पुठ्ठा बेततात. ती बाई म्हणजे पंचवीस वर्षं छोटीची आई. कारखान्याची आत्या. तिच्या मापाचा जाड तपकिरी पुठ्ठा, पाठ, पुढा, बाही, कॉलर, असा खुंटीवर टांगलेला असतो, त्याला आत्याचा पुठ्ठाच म्हणतात. आणि तिथे एक रीत आहे, नवीन आलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगतात: आत्याच्या पुठ्ठ्याला दुसरी टेप लावायची नाही. त्याची टेप वेगळी, जुनी, कापडी, कडा काळपट झालेली, मास्तरांच्या टेबलामागे खिळ्याला लटकवलेली, आणि तिच्या खालच्या टोकाला मास्तरांची ती मोठी लोखंडी कात्री अडकवलेली. का, कुणी विचारत नाही. काही बायका म्हणतात अपशकुन असतो, काही म्हणतात मास्तरांची लहर. छोटी शाळा सुटल्यावर तिथेच यायची, चुंबक घेऊन फरशीवरच्या टाचण्या गोळा करायची. ती टेप आणि तिच्या टोकाला ती कात्री तिनं इतकी वर्षं पाहिलेली की कात्रीची जागाच ती, असं तिला वाटायचं. शाळेत पोरं तिला कपाट म्हणायची, आणि इथे यायचं तर मोठ्या खिडकीच्या उजेडात, लाकडी ठोकळ्यावर, आई हात पसरून उभी असायची, अंगावर अर्धा कोट, तोंड एखाद्या राणीसारखं केलेलं. मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. बोलायचे फारच कमी. शेवटी एकच प्रश्न, "श्वास घेता येतो?" "येतो." "बसून दाखव." आई बसायची, उठायची. मास्तर खडूनं एक रेघ मारायचे. आणि आई खाली उतरून हिच्या कानात म्हणायची, "बघ, या शहरातल्या निम्म्या जाड बायका माझं अंग घालून फिरतात. आणि काय दिसतात!"

आई गेली ती रविवारच्या दुपारी. जेवण झालं, पलंगावर आडवी झाली, आणि घोरायला लागली. तिचं घोरणं म्हणजे घराचा भागच, नळासारखा, पंख्यासारखा. छोटी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती. मधेच घोरणं थांबलं. छोटीनं एक बाही फिरवली, दुसरी फिरवली, आणि तिच्या मनात आलं, हे नीट ऐक, तिच्या मनात आलं, चला, लागली बाई शांत झोप. आणि तिनं अजून चार शर्ट केले. ते चार शर्ट, आठ बाह्या, त्यांच्या कडक कॉलरी. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईला नाही, नवऱ्याला नाही. दीड महिन्यानं मास्तरांनी बोलावलं. आईच्या अंगावर बेतलेला एक कोट अर्धा राहिला होता, धावदोरा घातलेला, तो त्यांनी काही न बोलता हिच्या अंगावर चढवला, आणि तो बसला. थोडा सैल, पण बसला. मास्तरांनी खिळ्यावरची टेप घेतली, फिरवली, म्हणाले, "बावन्न. तेवढंच." आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे, बराच वेळ. बायका रडल्या. तेव्हापासून बटणं-काजं हे हिचं रोजचं काम आणि दर तीन महिन्यांनी ठोकळ्यावर उभं राहायचं. दर वेळी टेप. दर वेळी, "तेवढंच." आणि दर वेळी हिचा जीव भांड्यात पडायचा. कपडे घट्ट होतायत असं वाटायचं, जिना चढताना मधे थांबावं लागायचं, पण टेप म्हणते ना तेवढंच? मग तेवढंच.

गुरुवारी ती लवकर गेली. मास्तर खाली मशिनवालीशी बोलत होते, वर कुणी नव्हतं. आता तू म्हणशील इतकं साधं तिला आधी का नाही सुचलं? नाही सुचत गं. आपल्या घरातलं घड्याळ बरोबर आहे का हे आपण कुठे शेजारी जाऊन बघतो? मास्तरांच्या टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली आहे, इंचाइंचाच्या खुणांची, कापड मोजायची. तिनं खिळ्यावरची टेप काढली. कात्री सोडवताना हाताला केवढी जड लागली! आणि टेप पट्टीवर पसरली, टोकाला टोक लावून, मधे मधे बोटानं दाबत. टेपवरचा बावन्नचा आकडा पट्टीवरच्या पंचावन्नपाशी आला. तिनं टेप सारखी केली, पुन्हा लावली. पंचावन्न. तिला आधी हसू आलं. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, ताई! टेप म्हातारी झाली, ताणली गेली, बस्स. आणि मग तिची नजर गेली खिळ्याकडे, मग हातातल्या कात्रीकडे. सगळ्या कारखान्यात, सांग मला, कात्री ठेवायला दुसरी जागाच नव्हती?

"लोखंडाची आहे," दारातून मास्तर म्हणाले. "सव्वा किलो." ती वळली नाही. मास्तर येऊन टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, सत्तरीचा माणूस, खडूनं पांढरी झालेली बोटं, आणि ती बोटं त्यांनी टेपच्या दुसऱ्या टोकावर ठेवली, उडून जाईल म्हणून धरावी तशी. "कधीपासून?" तिनं विचारलं. "आत्या गेली त्याच्या आधीची तीन-चार वर्षं." "मुद्दाम?" "पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा ती आपली आपण सैल झाली होती, इस्त्रीच्या वाफेनं. तुझी आई त्या दिवशी कुठल्यातरी डॉक्टरकडून आली होती. काय म्हणाला ते सांगेना. ठोकळ्यावर चढली आणि रडायलाच लागली, मास्तर मोजू नका, म्हणाली. मी मोजलं. जरा वाढलं होतं, पण टेपनं तेवढंच सांगितलं. मी म्हटलं तेवढंच. तर अशी हसली..." मास्तरांनी टेपची कड बोटानं सारखी केली. "डबा उघडून जेवली त्या दिवशी. मला अर्धं अंडं दिलं." "आणि मग?" "मग तिला हसवायची सवय लागली मला. अंग वाढत गेलं, टेप तेवढी सैल होईना, म्हणून कात्री टांगली. अंगावर कोट बरोबर बसतच होता, छोटी. पुठ्ठा कधी खोटा नव्हता. खोटा होता तो नुसता आकडा. आणि आकडा अंगात घालून कुणी फिरत नाही." "बायका फिरतात," छोटी म्हणाली. "आपली पत्रं येतात ना, इतर ठिकाणी पंचावन्न लागतो, तुमच्याकडे बावन्न बसतो, किती बरं वाटलं. मीही फिरले. मास्तर, माझी आई त्या आकड्यावर विश्वास ठेवून झोपली." मास्तर म्हणाले, "हो." नुसतं हो. सबब नाही, काही नाही. तिला वाटत होतं त्यांनी काहीतरी बोलावं म्हणजे तिला भांडता येईल. ते तसेच उभे, टेपचं टोक धरून. आणि हिच्या हातात दुसरं टोक. मधे ती ताणलेली, मळकी, तिच्या आईच्या अंगावरून पंचवीस वर्षं फिरलेली टेप. शेवटी तिनं सगळं सांगितलं, डॉक्टर, बाही, शुक्रवार, चार. "करू का नको?" मास्तरांनी मान हलवली. "पोरी, मी तुला सहा वर्षं खोटं माप सांगितलं. माझं मत कशाला विचारतेस?"

ती दिवसभर बटणं लावत बसली. राग येत होता आणि जात होता, येत होता आणि जात होता. एकदा वाटायचं, खरं माप कळलं असतं तर आईनं काहीतरी केलं असतं, मीही केलं असतं. लगेच वाटायचं, काय केलं असतं? रडली असती. जेवली नसती. मास्तरांना अर्धं अंडं दिलं नसतं. आणि हेही की, आजवर तिच्या अंगाबद्दल तिला जे जे ठाऊक होतं ते सगळं दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं. पोरांनी सांगितलं कपाट, ताईनं सांगितलं आळशी, मास्तरांनी सांगितलं तेवढंच, नर्सनं सांगितलं पंचावन्न. कुणी प्रेमानं, कुणी तिरसटपणानं, पण तिला स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनंही नाही. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर तिनं अस्तराला लावायची पांढरी फीत घेतली, साधी, आकडे नसलेली. डोळे मिटून कमरेभोवती फिरवली, बोटं टेकली तिथे धरली, आणि कापली. मग समोर धरून बघितली. एवढी मी. फितीवर काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ती जास्त पण वाटेना आणि कमी पण. नुसती लांब वाटली, पांढरी, आणि तिच्या हाताच्या उबेनं जराशी ओलसर.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं ती नवऱ्याला दाखवली. तो भांडी विसळत होता. "हे काय?" "मी." त्यानं हात पुसले, फीत घेतली, आपल्या कमरेभोवती फिरवली, एकदा पुरून वर लोंबायला लागली, तरी परत फिरवून बघितली. "दोनदा नाही बसत," तो गंभीरपणे म्हणाला, "दीड नवरा बसतो. अर्धा अजून आणावा लागेल." ती हसली. हसता हसता म्हणाली, "तू सांग ना, करू का?" त्यानं फीत नीट गुंडाळली, बटाट्याच्या टोपलीशेजारी ठेवली. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ते माझं होईल. पण एक सांगू? मी तुला मोजतो." "काय मोजतोस?" "रविवारी दुपारी तू झोपतेस ना, तेव्हा. तुझा श्वास थांबला की एक, दोन, तीन, असं मोजतो. सिग्नलला मोजायची सवय आहे मला. आधी बारा-तेरा व्हायचे. गेल्या रविवारी बावीस." तिनं विचारलं, "उठवत का नाहीस?" "बाविसाला आलीस परत. मी पंचविसाला उठवायचं ठरवलंय." आणि परत भांड्यांकडे वळला, आणि एकच कप कितीतरी वेळ विसळत राहिला. तिला ते चार शर्ट आठवले. आठ बाह्या. म्हणजे कुणीतरी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत नव्हतं तर. कुणीतरी शेजारी बसून मोजत होतं. तिनं मग त्याच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि पहिल्यांदा सांगितलं त्याला, शर्टांचं. त्यानं नळ बंद केला. पाठ हलवली नाही. बरं झालं.

शुक्रवार. हे शेवटचं, थांब, चहा नंतर. साडेतीनला ती वर गेली आणि मास्तरांना म्हणाली, "माझा पुठ्ठा बेता. आईचा नाही, माझा. आजचा." मास्तरांनी विचारलं, "ठरलं?" "नाही ठरलं. पण काहीही झालं तरी आजची मी कुठेतरी बरोबर काढलेली पाहिजे." त्यांनी नवा कागद पसरला. ती ठोकळ्यावर चढली, गुडघा कुरकुरला, मास्तरांनी हात दिला. खिडकीचा उजेड तोच. मास्तरांनी टेप काढली, या वेळी नवी, पाकिटातून काढलेली, आधी टेबलावरच्या पितळी पट्टीवर लावून तिला दाखवली, बघ, बरोबर आहे, आणि मग एकेक आकडा मोठ्यानं म्हणायला लागले. खांदा. छाती. दंड. कंबर, पंचावन्न. तो आकडा त्यांच्या तोंडून खोलीत आला आणि काहीसुद्धा पडलं नाही, काही फुटलं नाही. खालच्या मशिनी चालूच होत्या. मग त्यांनी जाड कापड तिच्या अंगावर चढवलं, पाठीला टाचलं, बगलेत टाचलं, शिवणीला दोन बोटं माया सोडली, तिच्याभोवती फिरले, आईभोवती फिरायचे तसेच, पण आता जरा हळू, टेबलाला धरून. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी. फोन तिच्या मुठीत. आणि मास्तरांनी तोंडातली शेवटची टाचणी काढून विचारलं, "श्वास घेता येतो?"

अगं, हा प्रश्न तिनं हजारदा ऐकलेला. आईनं ऐकलेला. त्याचं उत्तर ठरलेलं, येतो, आणि मग बसून दाखवायचं. तिनं तोंड उघडलंसुद्धा "येतो" म्हणायला. आणि मग, कशी कोण जाणे, तिनं आधी खरंच श्वास घेऊन बघितला. नाकातून आत, खाली, जिथवर जाईल तिथवर. तो अर्ध्या जिन्यावर थांबल्यासारखा थांबला. तिनं परत घेतला. परत तिथेच. कापड घट्ट नव्हतं, मास्तरांचं कापड कधीच घट्ट नसतं. ती म्हणाली, "नाही, मास्तर. पुरेसा नाही येत." मास्तर लगबगीनं बगलेतली टाचणी सोडवायला लागले, तर तिनं त्यांचा हात धरला. "कापड नका सैल करू. कापड बरोबर आहे." मास्तरांचा हात तसाच तिच्या हातात, खडूचा, खरखरीत. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि नाकाला पांढरा डाग लागला, आणि ती तशीच, अर्ध्या कोटात, टाचण्यांनी भरलेली, फोन लावायला लागली. पलीकडून बाई म्हणाली, बोला. छोटी म्हणाली, "माझी तारीख लिहून ठेवा. हो. करायचंय." घाबरलेली होती, आवाज बारीक निघाला. मग तिनं आपल्या मनगटावरच्या त्या वळीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, झोपलेल्या माणसाला उठू न देता हात फिरवतो ना आपण, तसा.

नंतर पुठ्ठा कापून झाला. मास्तरांनी तो आत्याच्या पुठ्ठ्याशेजारी खुंटीला अडकवला, दोन्ही सारखेच, नवा जरा रुंद. जुनी टेप त्यांनी परत खिळ्याला लावली, आणि कात्री हातात घेऊन बघत राहिले, आता ही ठेवू कुठे. छोटीनं ती त्यांच्याकडून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. मग मास्तरांनी तिच्या हातात खडू दिला. म्हणाले, "यापुढचे कोट या नव्या पुठ्ठ्यावर निघतील. मापाचा आकडा तूच घाल. हाच आकडा लेबलवर जाईल. बावन्न लिहायचं की पंचावन्न, तू सांग." आणि ती खडू घेऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ती पत्रं आली, किती बरं वाटलं म्हणणारी. एखादी बाई, दिवसभर कुठे कुठे नकोशी झालेली, आरशासमोर आपला कोट घालून लेबल बघतेय आणि हसतेय, डबा उघडून जेवतेय. आणि त्याच बाईच्या घरात, बाहेरच्या खोलीत, कुणीतरी इस्त्री करतंय. खडू पुठ्ठ्याला टेकलेला, मास्तर वाट बघतायत, खाली एकेक मशीन बंद होतेय. तिनं काय लिहिलं ते मी तुला सांगणार आहे, पण आधी तू सांग. खरं सांग हं. तू असतीस, तर काय लिहिलं असतंस?